फेअर ट्रेडचा ठप्पा: जास्तीचे पैसे नक्की कुणाच्या हातात पडतात?

सावळी
सोमवार, रात्री ९:५२

बरेच दिवस डोक्यात घोळतंय, शेवटी धागा काढलाच.

समोर तीन वस्तू आहेत. कॉफीचं पाकीट, चॉकलेटची वडी आणि एक कापडी पिशवी. तिन्हींवर 'आम्ही फेअर ट्रेडवाले' अशा अर्थाचं काहीतरी छापलंय. कॉफीवर हात उंचावलेल्या माणसाचं निळं-हिरवं चित्र आहे. चॉकलेटवरही तेच चित्र, पण शेजारी एक बारीकसा बाण. पिशवीवरचा ठप्पा भलताच, पहिल्या दोघांशी काही नातं दिसत नाही.

काल भावाने कॉफीचं पाकीट उलटंपालटं करून विचारलं, "यातले शेतकऱ्याला किती गेले?" मला सांगता येईना. "म्हणजे हे मनाच्या समाधानाचे पैसे," असं म्हणून साहेब मोकळे. राग आला, पण उत्तर काही सापडलं नाही. इथे कुणाला आतलं माहीत आहे का? जाहिरातीतलं नको, ते मीही वाचलंय.

चकोर
सोमवार, रात्री १०:०५

वाचतोय. फटकळराव अजून कसे उगवले नाहीत?

गोणपाट
मंगळवार, सकाळी ७:१०

माझी अठरा वर्षं कच्च्या कॉफीच्या आयातीच्या कागदांत गेली. करार, नमुने, बिल ऑफ लेडिंग (जहाजावर चढवलेल्या मालाची पावती) आणि भांडणं. त्यामुळे कॉफीपुरतं खात्रीने सांगू शकेन. प्रतिसाद लांबेल, चहा घेऊन बसा.

आधी शब्दांचा घोळ निस्तरू. 'फेअर ट्रेड' हे दोन सुटे शब्द म्हणजे अख्खी चळवळ. तेच जोडून लिहिलं, 'फेअरट्रेड', की ती जर्मनीतल्या बॉन शहरातून चालणारी फेअरट्रेड इंटरनॅशनलची पद्धत आणि तिचा ठप्पा. हात वर केलेला माणूस तो हाच. तुमच्या पिशवीवर बहुधा वर्ल्ड फेअर ट्रेड ऑर्गनायझेशनचं चिन्ह असेल. पहिला ठप्पा मालाला मिळतो, दुसरा संस्थेला. एखादी कंपनी शंभर तऱ्हेची चॉकलेटं करते आणि एकाच चॉकलेटचा कोको नियमाप्रमाणे घेते, तर त्या एकावर फेअरट्रेडचा ठप्पा बसतो. उरलेल्या नव्व्याण्णवांबद्दल तो मुका. वर्ल्ड फेअर ट्रेडवाले मात्र सगळी संस्थाच दहा तत्त्वांवर घासून बघतात: मजुरी, बालमजुरी, बायकांना समान मोबदला, पैसे वेळेवर देणं वगैरे. म्हणून हस्तकला आणि छोट्या कारागीर गटांकडे ते चिन्ह जास्त दिसतं.

सुरुवातही हस्तकलेपासूनच आहे. १९४६ मध्ये एडना रूथ बायलर नावाच्या अमेरिकन बाई पोर्तो रिकोला गेल्या, तिथल्या बायकांचं भरतकाम घेऊन आल्या आणि गाडीच्या डिकीतून ओळखीपाळखीत विकू लागल्या. त्याचीच पुढे 'टेन थाउजंड व्हिलेजेस' ही दुकानांची साखळी झाली. युरोपात ऑक्सफॅमसारख्या मदतसंस्था, चर्चशी जोडलेले गट, विद्यार्थी यांनी हेच केलं. १९६८ ला दिल्लीत संयुक्त राष्ट्रांची व्यापार आणि विकास परिषद भरली, तिथे गरीब देशांनी जोर लावला की आम्हाला मदत नको, व्यापार द्या. दुसऱ्याच वर्षी नेदरलंड्समध्ये पहिलं 'जगाचं दुकान' उघडलं.

पण अशा दुकानांत येऊन येऊन येणार कोण? आधीच पटलेली चार माणसं. शेतकऱ्याची गोदामं त्यावर रिकामी होत नाहीत. मेक्सिकोतल्या ओआहाका प्रांतात युसिरी नावाची कॉफी उत्पादकांची सहकारी संस्था आहे. तिच्याबरोबर फ्रान्स व्हान डर हॉफ हे डच धर्मगुरू काम करत. त्यांनी आणि सॉलिडारिदाद संस्थेच्या निको रोझेन यांनी १९८८ मध्ये तोडगा काढला. स्वतः विकायचंच नाही. अटी ठरवायच्या आणि त्या पाळणाऱ्या कुठल्याही कंपनीला ठप्पा वापरू द्यायचा, म्हणजे माल थेट सुपरमार्केटात पोचेल. ठप्प्याचं नाव ठेवलं 'माक्स हावेलार'. जाव्हातल्या कॉफी पिकवणाऱ्यांची डच राजवटीत झालेली पिळवणूक मांडणाऱ्या १८६० च्या डच कादंबरीचा हा नायक. मग देशोदेशी असे ठप्पे निघाले आणि १९९७ मध्ये बॉनला एका छत्राखाली आले.

तर तुमच्या भावाचा प्रश्न. ठप्पा 'शेतकऱ्याला इतके टक्के गेले' असं म्हणतच नाही. तो इतकंच सांगतो की या मालाचा करार काही अटींवर झाला. कॉफीत त्या अशा: शेतकऱ्यांची लोकशाही पद्धतीने चालणारी संस्था हवी. बाजार पडला तरी ठरलेला हमीभाव द्यायचा. बाजार वर असेल तर बाजारभाव. त्यावर वेगळा प्रीमियम, म्हणजे भावावरची जादा रक्कम, जिचं काय करायचं ते सभासदांनी सभेत ठरवायचं. आणि संस्थेने मागितली तर कराराच्या ६० टक्क्यांपर्यंत आगाऊ उचल. या उचलीबद्दल कुणी बोलत नाही. माझ्या मते सगळ्यात मोलाची अट तीच.

मृद्गंधा
मंगळवार, सकाळी ८:३१

माहितीपूर्ण. उचल मोलाची का, तेही सांगा ना.

गोणपाट
मंगळवार, सकाळी ९:०२

कॉफीची तोडणी सुरू झाली की शेतकऱ्याला मजुरी रोख द्यावी लागते. माल जहाजावर चढून पैसे यायला महिने जातात. मधल्या काळात दारात रोकड घेऊन कोण उभा असतो? अडत्या. भाव तो म्हणेल तो. लॅटिन अमेरिकेत त्याला 'कोयोते' म्हणतात, म्हणजे कोल्ह्या-लांडग्याच्या जातीचं जनावर. नावातच सगळं आलं. संस्थेच्या हातात उचल असेल तर सभासद त्याच्याकडे जात नाही.

फटकळ
मंगळवार, दुपारी १:१५

आलो. चकोर, आठवण काढल्याबद्दल आभार.

गोणपाट यांनी इतिहास छान सांगितला, पण चित्र फारच गुळगुळीत. लंडनच्या सोआस विद्यापीठाचा इथिओपिया आणि युगांडामधला अभ्यास २०१४ साली आला. ख्रिस्तोफर क्रेमर आणि त्यांचे सहकारी, ब्रिटिश सरकारच्या पैशाने केलेलं कित्येक वर्षांचं काम. त्यांनी शेतकऱ्याऐवजी त्याच्या शेतात राबणाऱ्या मजुराला गाठलं. निघालं काय, तर फेअरट्रेड संस्था असलेल्या भागांत मजुरांना मिळणारा रोज तशाच इतर भागांपेक्षा कमी! म्हणजे पाकिटावर हसणारा शेतकरी, आणि त्याच्याकडे कामाला असलेली बाई चित्राच्या चौकटीबाहेर.

शिवाय पौंडभर कॉफीमागे काही सेंट प्रीमियम. दात कोरून पोट भरत नाही हो.

गोणपाट
मंगळवार, दुपारी ३:४०

मजुरांबद्दलचा मुद्दा खरा आहे आणि तो झोंबायलाच हवा. फेअरट्रेडवाल्यांनी तेव्हा उत्तर दिलं की छोट्या शेतकऱ्यांची तुलना मोठ्या मळ्यांशी केली, हे योग्य नाही. त्यात थोडं तथ्य आहे, पण मूळ प्रश्न उरतोच. सगळी रचना 'छोटा शेतकरी म्हणजे गरीब' या गृहीतकावर उभी आहे, आणि त्याहून गरीब माणूस त्याच्याच बांधावर काम करतो. कॉफीच्या त्या अटींची यादी पुन्हा वाचा. मजुराला किती द्यायचं हे तिथे मुख्य कलम नव्हतंच.

दात कोरण्याबद्दल मात्र असहमत. हिशोबच मांडतो.

१९८९ ला आंतरराष्ट्रीय कॉफी कराराची कोटा पद्धत कोसळली आणि कोण किती विकणार यावरचा लगाम सुटला. २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात अरेबिका या जातीच्या कॉफीचा भाव पौंडाला ४५ सेंटच्या आसपास आला. फेअरट्रेडचा हमीभाव तेव्हा १२१ सेंट अधिक ५ सेंट प्रीमियम, म्हणजे १२६. न्यूयॉर्कचा एक वायदा, म्हणजे पुढच्या तारखेचा एक सौदा, ३७,५०० पौंड वजनाचा असतो. बाजारभावाने तेवढ्या मालाचे १६,८७५ डॉलर. फेअरट्रेडने ४७,२५०. एवढ्याशा मालात ३०,३७५ डॉलरचा फरक! त्या वर्षी कॉफीची झाडं तोडून लोक शहराकडे निघाले होते. ज्यांचा माल या करारात गेला ते तगले.

आता माझ्याच हिशोबातलं भोक मीच दाखवतो, नाहीतर फटकळ दाखवतील. एक, हा भाव बंदरावरचा, संस्थेला मिळणारा. त्यातून सोलणी, प्रतवारी, वाहतूक, व्याज आणि कारकुनाचा पगार जातो, मग उरलेले शेतकऱ्याला. दोन, संस्थेला प्रमाणपत्र आहे म्हणून सगळा माल त्या भावाने जातो असं मुळीच नाही. गिऱ्हाईक असेल तेवढाच. समजा पाचवा हिस्सा फेअरट्रेडमध्ये गेला आणि बाकी बाजारभावाने, तर सरासरी येते ६१ सेंट. ४५ चे ६१. हे बरंच आहे, पण १२६ च्या जवळपासही नाही. आणि प्रमाणपत्राची फी, तपासणीचा खर्च, कागदं सांभाळायला ठेवलेला माणूस हे सगळं संस्थेलाच सोसावं लागतं, विक्री कितीही कमी होवो.

सावळी
मंगळवार, रात्री ९:२०

गोणपाट काका, हा हिशोब भावाला जसाच्या तसा वाचून दाखवला. गप्प बसला. (दोन मिनिटं.) मग म्हणाला, आता कॉफीचे भाव आकाशाला भिडलेत, आता काय उपयोग?

दुभाषी
मंगळवार, रात्री ११:४८

एरवी मी वाचनमात्र असते, पण या प्रश्नावर राहवलं नाही.

तुमच्या भावाचा नेम बरोबर लागलाय. अरेबिकाचा हमीभाव ऑगस्ट २०२३ मध्ये १८० सेंट ठरला, प्रीमियम २० सेंट, सेंद्रिय असेल तर वर आणखी ४०. फेब्रुवारी २०२५ मध्ये बाजार ४०० सेंटच्या पुढे गेला. एवढ्या तेजीत हमीभाव म्हणजे भर उन्हाळ्यात छत्री. लोकांना वाटतं तेजीत संस्थांची चांदी असते. उलट आहे, तेजीतच संस्था मोडतात. संस्थेने सहा महिन्यांपूर्वी करार करून ठेवलेला, भाव ठरलेला. इकडे अडत्या दारात येऊन आज, रोख, जास्त देतो. सभासद माल तिकडे घालतो. संस्थेकडे जहाज भरायला माल नाही आणि करार मोडल्याचा दंड डोक्यावर.

मी अशाच एका कॉफी संस्थेत तपासणीच्या वेळी दुभाषाचं काम केलंय. संस्था आणि देश सांगत नाही. तपासनीस पाहुणा, सभासद आपली भाषा बोलणारे, मध्ये मी. तीन दिवस. पहिले दोन दिवस नुसती कागदं. कुणाचं किती पोतं कधी आलं, ओलावा किती, पावती कुठाय. सभेच्या इतिवृत्ताला जोडलेलं हजेरीपत्रक, त्यावर सह्या थोड्या आणि अंगठे जास्त. तपासनीस एकेका अंगठ्यापुढचं नाव मोठ्याने वाचायचा आणि मला विचारायला लावायचा, "ही बाई आज इथे आहे का?" तिसऱ्या नावाला एक म्हातारी उठून म्हणाली, "आहे, आणि मी तेव्हाही विरोधातच होते, ते लिहिलंय का बघा." लिहिलं नव्हतं. तपासनिसाने तेवढा एक शेरा मारला.

विरोध कशाला, तर प्रीमियमला. समितीला त्या पैशातून कार्यालयाची दुरुस्ती आणि चांगल्या प्रतीचा वजनकाटा हवा होता. म्हातारीच्या बाजूचे म्हणत होते, पैसे सरळ वाटून टाका, घरात लेकरं आहेत. नियमाप्रमाणे दोन्ही चालतं, सभेने ठरवावं इतकंच. दोन तास भांडले. 'शेतकऱ्यांचं सक्षमीकरण' असा शब्द अहवालात होता, त्याचं भाषांतर करताना मला त्यांच्या भाषेत शब्द सापडेना. शेवटी मी 'आपल्या पैशांवर आपणच भांडणं' असं सांगितलं. सगळे हसले, पण कळलं.

फटकळ
बुधवार, सकाळी १०:२२

दुभाषीताई, वाचनमात्र राहू नका, लिहीत जा.

माझा दुसरा आक्षेप कंपन्यांबद्दल आहे. २००९ मध्ये ब्रिटनमध्ये कॅडबरी डेअरी मिल्कवर ठप्पा लागला तेव्हा केवढा गाजावाजा! २०१६ ला कंपनीने जाहीर केलं की आता आमची स्वतःची योजना, कोको लाइफ. किटकॅटवर तिकडे २०१० मध्ये ठप्पा आला, २०२० मध्ये गेला, त्याच्या जागी रेनफॉरेस्ट अलायन्स या दुसऱ्या संस्थेचा ठप्पा. कोको लाइफसारख्या योजनेत तर स्वतःच्या परीक्षेचा पेपर स्वतःच काढायचा. चळवळीने सुपरमार्केटचं दार उघडलं खरं, पण किल्ली राहिली मालकाकडेच. यापेक्षा ती डिकीतून विकणारी बाई बरी.

पायवाट
बुधवार, दुपारी १२:०६

फटकळ, डिकीवाल्यांचंही सोपं नाही. ब्रिटनमधली ट्रेडक्राफ्ट ही जुनी कंपनी १९७९ पासून याच कामात होती, जानेवारी २०२३ मध्ये बुडीत निघाली. एकनिष्ठ गिऱ्हाईक होतं, दुकानांना माल पुरवत होती, तरी.

तुमच्या किल्लीला धरून गिऱ्हाइकाच्या बाजूचं थोडं सांगते. इंग्लंडमधल्या गार्स्टँग या छोट्या गावाने २००० साली स्वतःला जगातलं पहिलं फेअरट्रेड गाव जाहीर केलं. ब्रूस क्रोथर नावाचे जनावरांचे डॉक्टर आणि तिथला ऑक्सफॅमचा गट मागे लागला होता. कंपनीच्या दारात निदर्शनं करण्याऐवजी त्यांनी गावातली चर्च, शाळा, दुकानं आणि कौन्सिल पकडली. तुमच्या बैठकीत चहा-कॉफी कुठली असते? एवढाच प्रश्न. आज अशी दोन हजारांहून जास्त गावं-शहरं आहेत. विद्यापीठंही आहेत. ठप्पा सोडणाऱ्या कंपनीला त्रास झालाच तर असल्या चिवट, थोड्याशा कंटाळवाण्या लोकांचा होतो. (मी त्यांच्यातलीच, त्यामुळे कंटाळवाण्या म्हणायचा हक्क आहे.)

गोणपाट
बुधवार, दुपारी ४:५५

चळवळीतलं आतलं भांडण राहिलं. कॉफी आणि कोको फेअरट्रेडमध्ये फक्त छोट्या शेतकऱ्यांच्या संस्थांकडूनच घेतात. चहा, केळी, फुलं मात्र मळ्यांकडूनही चालतात, कारण तिथे प्रीमियम कामगारांच्या समितीकडे जातो. फेअरट्रेडच्याच अमेरिकेतल्या संस्थेचं म्हणणं, कॉफीच्या मळ्यांवरचे मजूर काय पाप करून आलेत? त्यांनाही घ्या. बाकीच्यांना वाटलं, मोठे मळे आले की छोट्यांचा माल कुणी विचारणार नाही. २०११ च्या शेवटी अमेरिकन संस्था बाहेर पडली, तिचं नाव आता फेअर ट्रेड यूएसए. फटकळ, तुमचा सोआसवाला मुद्दा घेऊन बघा, अमेरिकनांचंही अगदीच चूक म्हणता येत नाही. मी तेव्हा त्यांच्या विरोधात तावातावाने बोललो होतो. आज तितक्या जोरात बोलणार नाही.

लॅटिन अमेरिकेतल्या छोट्या उत्पादकांनी तर २००६ मध्ये आपलं स्वतःचंच चिन्ह काढलं. आम्हाला तपासणार कोण आणि नियम ठरवणार कोण, हा त्यांचा सवाल. फेअरट्रेड इंटरनॅशनलच्या सर्वसाधारण सभेत उत्पादकांना निम्मी मतं मिळाली ती २०१३ पासून. पहिल्या ठप्प्यानंतर पंचवीस वर्षांनी!

घानाची कुआपा कोकू ही कोको शेतकऱ्यांची संस्था याच्याही पुढे गेली. १९९८ मध्ये लंडनला सुरू झालेल्या, पुढे डिव्हाइन चॉकलेट म्हणून ओळखल्या गेलेल्या कंपनीत तिचा मोठा मालकी हिस्सा होता. बी विकणाराच वडीच्या नफ्यात वाटेकरी. २०२० मध्ये त्या कंपनीचा बहुसंख्य हिस्सा एका जर्मन चॉकलेट उत्पादकाकडे गेला. तरी एकदा करून दाखवलं होतं, हे विसरू नये.

चकोर
बुधवार, सायंकाळी ६:३०

सावळीताईंच्या चॉकलेटवरचा बाण राहिला की.

दुभाषी
बुधवार, रात्री ८:११

बाण म्हणजे 'मागे वाचा'. कॉफी आणि केळ्यांचा माल शेतापासून पाकिटापर्यंत वेगळा ठेवावा लागतो. कोको, साखर, चहा आणि फळांचे रस यांना मिसळायची परवानगी आहे. कारखान्याने अमुक टन कोको फेअरट्रेडच्या अटींवर घेतला तर तेवढ्याच वजनाच्या हिशोबाने ठप्पा लावायचा, पण आत बी कुणाचंही असू शकतं. बँकेत भरलेल्या त्याच नोटा परत मिळत नाहीत, तसं. शेतकऱ्याला पैसे पोचलेले असतात. तुमच्या जिभेवर त्याचाच कोको येईल याची हमी नसते.

सावळी
बुधवार, रात्री ८:४०

चष्मा लावून मागे वाचलं. तस्संच लिहिलंय, मुंगीच्या अक्षरात! भावाला सांगितल्यावर तो म्हणाला, मग पुढच्या बाजूला का नाही छापत? आता याचं उत्तर तुम्ही सगळे मिळून द्या.

आणि दुभाषीताई, ते वजनकाट्याचं शेवटी काय ठरलं?

दुभाषी
बुधवार, रात्री ९:०३

कार्यालयाची दुरुस्ती उडाली. अर्धे पैसे वाटले, अर्ध्यांचा काटा घेतला. तो आणून बसवला त्या दिवशी पोत्यांच्या आधी लोकांनी अध्यक्षांनाच वर चढवलं. आदल्या हंगामात अडत्याच्या काट्यावर ते असेच गंमत म्हणून उभे राहिले होते. तेव्हापेक्षा चार किलो जास्त भरले. कुणीतरी म्हणालं, अध्यक्ष झाल्यावर सुटलेत. म्हातारी म्हणाली, त्यांना उतरवा आणि मला चढवा. तिचेही चार किलो वाढले.